शंभरवर आणलेला लोड

३ मार्च, रविवार
आणि आधी कोण टपकलं, तर घड्याळजी! पाचाचं ठरलेलं, साडेचारला हजर. जगाची घड्याळं दुरुस्त करतात, स्वतःचं पुढे. मागून मास्तर. हे गेले तरी ह्यांचे हे दोन दोस्त दर रविवारी रेकॉर्ड ऐकायला येतात. तेवढाच घरात माणसांचा आवाज. पण नातीने नवी सुई बसवल्यापासून मशीन नुसतं किंचाळतंय. घड्याळजी म्हणाले, वहिनी, हे तुम्हाला झेपायचं नाही, मशीन माझ्याकडे नेऊ. म्हणजे रविवारही तिकडेच की! म्हटलं, आठ दिवस द्या. चाळीस वर्षं त्याची धूळ मी पुसलीय, मला सगळं कळतं.

४ मार्च
नातीला फोन. म्हणाली, आजी, लोड सत्तेचाळीस हजारावर राहिलाय, ह्या सुईला शंभरवर आण, आवाज मऊ होईल. लोड कुठे असतो तेही सांगायला लागली. म्हटलं, अगं, लोड कुठे असतो ते तू मला शिकवणार? ठेवला फोन. हा काय मशीनसमोर, भिंतीशी, ह्यांचा टेकायचा लोड. पण सत्तेचाळीस हजार ग्रॅम म्हणजे सत्तेचाळीस किलो! पोरगी फार वाढवून बोलते.

६ मार्च
लोड उसवला. कापूस स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बरोबर शंभर ग्रॅम आत ठेवला. चौथीच शिकलेय, पण माप चोख. मधे ह्यांच्या पाठीचा खळगा होता, तो गेला. असू दे.

७ मार्च
लावून पाहिलं. खूपच मऊ! कानात थोडा कापूस गेलाय, तो सावकाश काढीन.

१० मार्च, रविवार
मास्तर टेकायला गेले ते थेट भिंतीवर आपटले. मशीन किंचाळतच होतं. मी ऐटीत सांगितलं, लोड शंभरवर आणलाय, काट्यावर तोलून. दोघेही खाली बघत बसले. हसले असते तर बरं झालं असतं. घड्याळजींनी मशीनमागची काळी डबी फिरवली. बोटभर धूळ. काडीने एवढासा खटका सरकवला, शंभर लिहिलेल्या खुणेवर. सुईवरचा विजेचा भार, लोड म्हणजे तो म्हणे. आवाज असा मऊ झाला, जसा ह्यांच्या वेळी असायचा.

चहाच्या निमित्ताने आत गेले ती बाहेर येववेना. घड्याळजी दारात येऊन म्हणाले, वहिनी, मशीन राहू दे इथेच, आमच्या दोस्ताचा लोड तेवढा भरून ठेवा.

कापूस भरीन. खळगा कुठून आणू?

सतरा तारखेला, रविवारी येतो म्हणाले. पाचला. म्हणजे साडेचारला.