छताला सवणं नको

७ नोव्हेंबर १९९३
नको म्हणजे नको! नव्या स्लॅबला भोक नको, भिंतीला जाळी नको. बन्सी मिस्त्रीला सकाळीच बजावलं. मोतीराम चिडला — "माय, मग कूलर कुठं बसवू? डोक्यावर?" वाळूजच्या कंपनीत लागल्यापासून माझ्या पोराची जीभ लांब झाली.
बन्सी समजुतीनं बोलला. "आक्का, कूलर हवा आत फेकतो. तिला जायला वरून वाट लागती. नायतर घर दमट, अंगाला नुसती चिकचिक."
होऊ दे चिकचिक.

८ नोव्हेंबर
सून विचारत होती, "आत्याबाई, त्या भोकाचं एवढं काय हो?" आवडाला नाही सांगितलं. इथं लिहिते.
अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत, गावकऱ्यांनी आमच्या दाराला बाहेरून कडी घातली. घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर चढले. चुलीचा धूर जायला छताला सवणं होतं, त्यातून रॉकेलचे पेटते बोळे टाकले. एक माझ्या पदरावर पडला. ह्यांनी हातानं विझवला — तळव्याची कातडी पदराला चिकटून आली. वर हसत होते. ओळखीचे आवाज! त्यांच्याच शेतात आम्ही खुरपत होतो. "पाहिजे ना नाव? घ्या!"
पुढचं लिहवत नाही.

२६ डिसेंबर
खोली झाली. खिडकीला आतून पत्रा ठोकला, दाराच्या फटींना रबर. कूलर नाही, पंखा. "तीच हवा फिरवंल तो," बन्सी पुटपुटला. मला मात्र पंधरा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

१४ जानेवारी १९९४
विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं! गल्लीत गुलाल, ढोल. ह्यांचा फोटोही उरला नाही — हार कुठं घालू?

१६ जानेवारी
खेड्यांतून दगडफेकीच्या बातम्या. काल मीच म्हटलं, आवडा, आतून कडी लाव, उघडू नको. थंडी कडाक्याची. तान्ह्या बाळाला शेकायला ती नव्या खोलीत कोळशाची शेगडी घेऊन बसली. मोतीराम ड्युटीवर. दिवेलागणीला मी शेजारच्या कडूबाईकडून आले, हाका मारल्या — ओ नाही. वरवंट्यानं दारावर घाव घालून घालून आतली कडी तोडली.
धूर नव्हताच. आवडा आडवी. बाळ मांडीवरून घरंगळलेलं, मान लुळी. अंगणात नेलं, तोंडात हवा फुंकली, पाठीवर थापट्या मारल्या — रडलं! आवडा ओकून ओकून शुद्धीवर आली. कोळशाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, हे मी पेपरात वाचलं होतं. वाचून काय केलं?
बाहेरून कुणीच आलं नव्हतं.

१७ जानेवारी
बन्सीला बोलावलं. स्लॅब फोड म्हटलं. "आता? केवढं भोक पाडू, आक्का?" मोतीरामला उभं केलं, त्याचे खांदे मापायला लावले. वर दोन बोटं जास्त धर म्हटलं.
घर पेटवून ते पुढच्या घराकडं गेले, तेव्हा ह्यांनी मला नि मोत्याला त्याच सवण्यातून वर ढकललं. ह्यांचे खांदे रुंद होते. मी वरून हात धरून ओढत होते.