बॉयलरपुढचा नारळ

४ मार्च १९९६
पोचले एकदाची! बारामतीच्या एसटी डेपोवर दत्तोबा मुकादम जीप घेऊन हजर होते. इंदापूर रस्त्याला एक बंद पडलेला साखर कारखाना आहे. तिथल्या बॉयलरवरचा अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप उतरवायचाय. इथली माणसं त्याला कापूस म्हणतात. त्याचे तंतू छातीत गेले की माणूस खोकून खोकून संपतो, म्हणून बॉयलरभोवती प्लॅस्टिकचा तंबू ठोकलाय आणि लेप पाणी मारून, ओला करूनच काढायचा. मी पंपानं तंबूतली हवा ओढायची आणि त्यातला फिल्टर सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. पुण्याच्या लॅबनं पहिल्यांदाच मला एकटीला पाठवलंय, स्वारी जाम खूश! मास्क मी क्षणभर काढत नाही. मजूर मात्र तो गळ्यात लटकवून फिरतात. स्वयंपाकाला सारजाबाई आहेत. त्यांच्या पिठल्यावर मी आडवा हात मारला.

५ मार्च
कामाआधीच खोडा. सारजाबाईंचा नवरा जोतीराम याच बॉयलरची भट्टी पेटवणारा फायरमन होता; आता लेप काढणाऱ्या मजुरांत आहे. हंगाम संपला की बॉयलरपुढं कापूर लावून नारळ फोडायचा, मगच आग विझवायची, अशी इथली रीत. कारखाना मध्येच बंद पडला आणि ते राहून गेलं. तो म्हणाला, "आग अजून निजली न्हाय, ताई. आदी नारळ, मग पाणी." मी साफ नाही म्हटलं. कापराची काजळी फिल्टरवर बसली तर मला तंतू दिसणार कसे? दत्तोबांनी नारळ परत पिशवीत घातला. मी पाणी मारायला लावलं.

६ मार्च
फिल्टर काळाकुट्ट. कापराचा वास. चोरून पूजा केली म्हणून जोतीरामला चारचौघांत झापलं. तो शपथा घेत राहिला. बॉयलरला हात लावला तर गरम. उन्हानं तापला असेल.

७ मार्च
भर दुपारी, माझ्यासमोर. दत्तोबांनी जोतीरामला भट्टीच्या दारापुढं बसवलं आणि डोक्यात घण घातला. एकाच घावात कवटी फुटली. रक्तातून पांढरा कापूस बाहेर आला, मूठमूठभर. दत्तोबांनी वाकून पाहिलं. म्हणाले, नासका निघाला, दुसरा लागंल.
मी फाटकाकडं पळाले. कुलूप. बाकीचे मजूर जागचे हलले नाहीत. सारजाबाई ओरडल्यासुद्धा नाहीत.
कारखान्यातल्या माझ्या तपासणीच्या खोलीत कडी लावून बसलेय. फोन बंद.

८ मार्च
आज मजुरांतल्या म्हस्कूला धरलं. खिडकीतून दिसलं — नको होतं बघायला.
तोही नासका. आत कापूसच.
दोघांचे जीव माझ्यामुळे गेले. एक नारळ फोडू दिला असता तर —

९ मार्च
पंप आपोआप चालू झालाय. खोलीभर कापराचा वास —
खिडकीतून दिसतंय, दाराबाहेर सारजाबाई. हातात ताट, कुंकू. दत्तोबा दारावर घण घालतायत.
बिजागरी सुटली. ओरडून सांगितलं, माझ्याही छातीत कापूस आहे, मीही नासकी आहे, मला सोडा —
दत्तोबा शांतपणे म्हणाले, न्हाय ताई, तुमी तर मास्क कधी काढलाच —