एक शब्द गळला तर चार

अप्पा, परवा तुमची लोखंडी पेटी उघडली आणि सात वर्षांनी तुमचं लॉगबुक वाचलं. पेटी उघडायचं कारण ओरगडमला, माझ्या कारखान्यात घडलं, म्हणून आधी ते सांगते. घडलेलं घडल्या क्रमानं सांगावं, हे तुमचंच.

कारखान्यातल्या वॉकीटॉकींचं सगळं काम आता माझ्याकडे आहे. परवाने, चॅनेल, बॅटऱ्या, कोणाकडे कुठला सेट. नवा सेट हातात आला की बाकी काही करायच्या आधी मी त्याचा टाइम-आउट साठ सेकंदांवर लावते. बोलायचं बटण त्याहून जास्त वेळ दाबलेलं राहिलं की सेट आपणहून बोलणं तोडतो. फोरमन लोकांना हे आवडत नाही. वाक्य पुरं करायच्या आत गप्प बसवायला घरी बायको आहे, तुम्ही कशाला मॅडम, असं त्यातला एक मला दर महिन्याला ऐकवतो. मी साठाचे एकसष्ट करत नाही. कारण विचारलं तर सांगते की चॅनेल एकच आहे, एकाचं बटण अडकलं की बाकी सगळे मुके होतात. हे खरं आहे, पण सगळं नाही.

गेल्या आठवड्यात एका कंत्राटदारानं स्वतःचे सेट आणले आणि मला न दाखवता वाटून टाकले. जेवणाच्या सुट्टीत आमच्या चॅनेलवर कॅन्टीन ऐकू यायला लागलं. ताटं, पंखा, आणि मोबाइलवर घरी बोलणारा एक माणूस. ओडिया असावी, आमच्यात कोणाला येत नव्हती. बोलता बोलता तो थांबायचा, नाक ओढायचा, पुन्हा तेच नाव घ्यायचा. कंट्रोल रूममध्ये पोरं आधी हसली, मग हसायची थांबली. बटण दाबलेलं असलं की सेटवर लाल दिवा लागतो; मी कॅन्टीनमध्ये जाऊन कमरेला तो दिवा लागलेला माणूस शोधला. सेट त्याचा पट्टा आणि खुर्चीचा हात यांच्यामध्ये दाबला गेला होता. मी तो बाजूला ओढला. दिवा विझला. त्यानं फोन खाली ठेवला आणि हिंदीत विचारलं, किती वेळ चालू होता. चौदा मिनिटं चालू होता आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मी म्हटलं, थोडाच वेळ. सिग्नल कमी होता, कोणाला काही कळलं नाही.

हे वाक्य माझं नव्हतं. बोलून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं की ते तुमचं आहे. आणि मी ज्या कारणानं ते बोलले त्याच कारणानं तुम्हीही बोलला असाल, हा विचार सात वर्षांत मला एकदाही आला नव्हता.

साडेपाच वाजता तुम्ही नुंगंबाक्कमच्या ऑफिसच्या गच्चीवर जात असायचात. मी एग्मोरच्या घरी बाल्कनीत. मध्ये तीन किलोमीटर, हातातले दोन सेट, आणि दोघांकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना. आधी ऐकायचं, कोणी बोलत नाही ना पाहायचं, बटण दाबून एक सेकंद थांबायचं, मग बोलायचं. बटण दाबलेलं असताना आपल्याला काही ऐकू येत नाही, म्हणून लवकर सोडायचं. कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची आपली खूण, सांगायचा, रिपोर्ट द्यायचा. दोन आकडे. पहिला, बोलणं किती कळलं त्याचा, एक ते पाच. दुसरा, सिग्नल किती जोरात आला त्याचा, एक ते नऊ. हवेत सगळे सगळ्यांना पाच आणि नऊ देतात, पाहुण्याला कॉफी विचारावी तसे. सोळाव्या वर्षी परवाना मिळाला त्या संध्याकाळी मलाही सगळ्यांनी पाच दिला. तुम्ही चार दिलात. मी रात्री जेवले नाही. तुम्ही रसम-भात कालवत होता. "एक शब्द गळला तर चार," म्हणालात. "त्यांनी कौतुक दिलं. मी रिपोर्ट दिला." त्यानंतर सात वर्षं मी चारवरच राहिले. काँक्रीटच्या बाल्कनीतून, त्या स्वस्त सेटवरून, पाच मिळण्यासारखा नव्हताच.

त्याच फ्रिक्वेन्सीवर किलपॉकचे दातांचे डॉक्टर असायचे. दोन पेशंटांच्या मध्ये ऐकत बसायचे. आपण तमिळमधून मराठीत घसरलो की ते मध्येच यायचे, "सार, सीक्रेट कोड अलाउड इल्लै." गुप्त भाषेला नियमात परवानगी नाही, म्हणून. तुम्ही त्यांना सांगायचात की ही भाषा तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली, कोड असता तर एव्हाना कोणीतरी फोडला असता. हा विनोद तुम्ही दोघांनी किती वेळा केला असेल याची गणती नाही. मी बाल्कनीच्या कठड्यावर नखानं रंग खरवडत उभी असायचे.

माझ्या तेविसाव्या वाढदिवसाला तुम्ही मला एक तार दिलीत. एकोणपन्नास सेंटिमीटर, टोकाला डाग देऊन बसवलेली कडी. ॲन्टेनाच्या बुडाशी अडकवायची आणि खाली लोंबत सोडायची. शेपटी. सेट स्वस्त असला तरी चालेल, पण ही रबरी दांडी म्हणजे अर्धीच ॲन्टेना आहे, म्हणालात, उरलेली अर्धी घे. आईनं साडी आणली होती. मी साडीबद्दल जास्त बोलले.

त्यानंतरच्या आठवड्यातली ती संध्याकाळ. मी आईला मदत करत होते म्हणून सेट स्वयंपाकघराच्या फळीवर उभा ठेवला होता, शेपटीसकट. आईनं तूरडाळीचा डबा त्याला चिकटून सरकवला. साडेपाच वाजून गेले, सेट गप्प होता, म्हणजे तुमची हाक आली नाही असं मी धरलं. मला ते बरंच वाटलं. आई म्हणाली, आज कसे बोलले नाहीत? आणि मी बोलायला लागले. काय बोलले ते मला शब्दशः माहीत आहे.

"मी ऐकत नसते गं. ते सांगत असतात, कावळ्यानं काय केलं, कुठल्या इमारतीवर नवा टॉवर आला. माझं मन दुसरीकडे असतं. ते थांबले की पाच-नऊ म्हणते आणि मोकळी होते. इतक्या वर्षांत त्यांना कळलेलं नाही."

"असं बोलू नये. त्यांचा दिवस त्याच्यावर जातो."

"जाऊ दे की. मी काय करू त्याला?"

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. आईनं डाळीचा डबा उचलला तेव्हा मला लाल दिवा विझताना दिसला. सेट हातात धरवत नव्हता इतका तापला होता. सहा वाजून अकरा मिनिटं. तुम्ही लावून दिलेला टाइम-आउट मी महिन्याभरापूर्वी बंद केला होता. डॉक्टरांशी बोलताना त्यानं मला एकदा मध्येच तोडलं होतं, तेवढ्यावरून. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही उशिरा आलात. पाय धुतलेत, टॉवेल नेहमीच्या खिळ्याला लावलात. मी विचारलं, आज हाक नाही मारलीत? चॅनेल रिकामा नव्हता, म्हणालात. तुमच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही वाचता आलं नाही, त्या दिवशीही नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला डॉक्टर आपल्या आधी हजर होते. काल कोणाचं स्वयंपाकघर हवेत होतं? तीन शिट्ट्या ऐकल्या, सांबार कोणी पाठवलं नाही. भाषा मला कळली नाही, पण सार, वळण तुमच्या सीक्रेट कोडचं वाटलं. मी बाल्कनीत सेट कानाला लावला. तुम्ही बटण दाबलंत, एक सेकंद थांबलात.

"मीही ऐकलं, डॉक्टर. सिग्नल फार कमी होता. काही कळलं नाही."

आणि मी सुटले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण तुम्ही पोटच्या मुलीला सात वर्षं चार देणारा माणूस होता. तुम्ही खोटा रिपोर्ट द्याल हे माझ्या हिशेबातच नव्हतं. त्यानंतर तुमच्या हाका लहान झाल्या. आधी सात-आठ मिनिटं जायची, आता एक. कॉलसाइन, रिपोर्ट, ओव्हर. कावळा नाही, टॉवर नाही. मला वाटलं वय झालं, जिना चढून दम लागत असेल. मला बरं वाटलं हेही लिहायला हवं. आठ महिन्यांनी एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता तुम्ही पलंगावर बसलात आणि उठला नाहीत.

परवा लॉगबुकात ती तारीख शोधली. तुमचं अक्षर, निळी शाई, रकाने पट्टीनं आखलेले. वेळ १७:३२ ते १८:११. स्टेशनच्या रकान्यात माझा कॉलसाइन. मिळालेल्या रिपोर्टचा रकाना कोरा. दिलेल्या रिपोर्टच्या रकान्यात पाच आणि नऊ. तुमच्या वहीत माझ्या नावापुढे तेवढा एकच पाच आहे. मी सगळी पानं पाहिली. शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही एरवी इंग्रजीत हवामान लिहायचात. तिथे मराठीत लिहिलंय, शेपटी चांगली लागली.

तुमच्या खिशात मोबाइल होता, अप्पा. घरी फोन करून, बटण अडकलंय, डबा सरकव, एवढं सांगायला दहा सेकंद लागली असती. दुसऱ्या कोणाचा सेट अडकला असता तर तुम्ही तसंच केलं असतं; तो नियमच होता तुमचा. तुम्ही एकोणचाळीस मिनिटं गच्चीवर उभे राहिलात. मला आधी वाटलं, मी काय बोलते ते ऐकायला. पण ते तर पहिल्या काही मिनिटांतच बोलून झालं होतं. पुढे नुसती भांडी होती, आईचं पुटपुटणं, नळ, माझं काहीतरी गुणगुणणं. तुम्ही नसताना घर कसं वाजतं ते तुम्ही ऐकत होता असं मी धरून चालले आहे. पुरावा नाही.

अजूनही साडेपाचला माझा सेट त्या फ्रिक्वेन्सीवर चालू असतो. कधीकधी अर्धा सेकंद खरखर होते, जणू कोणी बटण दाबलं आणि न बोलता सोडलं. मी मोजून पाहिलंय. आमच्या इमारतीच्या लिफ्टची मोटर आहे ती. लिफ्ट बंद असतानाही एकदा झाली. ते मोजलेलं नाही.

माझीही वही आहे. तुमची वाचल्यावर ती काढली. शेवटच्या आठ महिन्यांच्या सगळ्या नोंदी एकेका मिनिटाच्या. शेवटची तेवढी वेगळी, आदल्या संध्याकाळची, १७:३१ ते १७:३४. कॉलसाइन आणि रिपोर्टला अर्धं मिनिट लागतं. बाकीचा वेळ कोणीतरी बोललं आहे, आणि ती मी नव्हते. पुढे माझ्याच हातानं लिहिलंय, दिलेला रिपोर्ट पाच, नऊ. तुम्ही काय म्हणालात ते मला आठवत नाही. तीन दिवस मी आठवायचा प्रयत्न करतेय. बाल्कनी आठवते, कठड्याचा रंग आठवतो, खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं तेसुद्धा आठवतं.

काल किलपॉकला गेले. डॉक्टर आता पेशंट पाहत नाहीत, पण सेट टेबलावर आहे. त्यांना ती संध्याकाळ आठवत होती, दुसऱ्याच दिवशी बातमी कळली म्हणून. तुम्ही बऱ्याच दिवसांनी लांब बोललात, म्हणाले, सावकाश, थांबून थांबून. त्यांनी मुद्दाम मध्ये तोंड घातलं नाही. मी विचारलं, काय बोलले?

"सीक्रेट कोड होता, अम्मा," डॉक्टर म्हणाले. "ते तुलाच ठाऊक."

मी मान हलवली आणि कॉफी घेतली.

लॉगमधलं चुकलं तर रबर लावायचा नाही, एक आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि खरा आकडा लिहायचा. मी माझ्या वहीतल्या त्या शेवटच्या पाचावर रेघ मारली. सही केली. खरा आकडा मला माहीत आहे. एक, म्हणजे काहीच कळलं नाही. तो अजून लिहिलेला नाही.