काटा खरं बोलत होता

मंगळवार, मे १९८४. संध्याकाळ.

सारसोळ्याचा दामू टॅक्सी घेऊन आला. "मिस्त्री, पेट्रोलचा काटा बिघरलाय, भराभर खाली जातोय." काटा ठीक होता. सीटखालची नळी झिरपत होती, गाडीत वास कोंडलेला. नवी नळी उद्या दुपारी मिळेल, तोवर गाडी ठेव म्हटलं. ऐकेना. सकाळी भाचीचं लग्न.

"निदान पहाटे गाडीत उदबत्ती लावू नको."

तो हसला. "लगनाच्या दिशीच देवाला इसरू? तुमी सांगताव?"

दामू गाडी घेऊन गेलाच. गॅरेज उघडताना मीही उदबत्ती लावतोच.

वास अजून हाताला आहे. आज देवापुढे नुसते हात जोडले, काडी ओढवेना. पहाटे दामूच्या आधी गाडीपाशी पोचायला हवं. पण तो उठतो कधी, तेच विचारलं नाही.