फिल्टरच्या अलीकडचं तेल

प्रिय धाकट्या,

ताईचं पत्र म्हटल्यावर तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत हात न धुताच लिहायला बसलेय, त्यामुळे कागदाच्या कडेला माझ्या बोटांचे ठसे दिसतील. जेवणाची सुट्टी आहे, पण डबा उघडावासा वाटला नाही. सुटे भाग पोचवणारा ट्रकवाला दोन वाजता निघतो आणि उद्या, शनिवारी सकाळी, तुमच्या धक्क्यावर येतो. त्याच्या हाती हे द्यायचंय. सोमवारी शाळा उघडणार, आणि तुझ्या चिमणीसकट सव्वीस पोरं लाँचमधून पलीकडच्या काठाला जाणार, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

आधी मला एक सांग. इंजिन चांगलं तापल्यावर, हळू चालवताना, तेलाच्या दाबाचा काटा कुठे उभा राहतो? नेहमीच्या जागी, असं म्हणू नकोस. तुझं नेहमीचं मला ठाऊक आहे. लहानपणी अंगात ताप असायचा तरी तू नेहमीसारखंच वाटतंय म्हणायचास. महिन्याभरापूर्वी अण्णा मला फोनवर म्हणाले होते, की इंजिनाचा आवाज खालच्या बाजूला जड झाल्यासारखा वाटतोय. मी म्हटलं, अण्णा, आवाज नाही, तुमचे कान जड झालेत. ते हसले, मीही हसले.

अण्णांच्या हातात लाँच होती तोवर अडीचशे तास भरले की तेल बदललंच म्हणून समजायचं. मग बाहेर वादळ असो की घरात पाहुणे असोत. काळ्या तेलाचे डबे आपण दोघं धक्क्यावरून वर चढवायचो आणि अर्धं तेल तुझ्या चड्डीवर सांडायचं. इतकं तेल फुकट जातं हे मला तेव्हापासून खुपायचं. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी तुझ्या इंजिनाला बायपास फिल्टर बसवला. मुख्य फिल्टरमधून सगळं तेल धावत जातं, त्यामुळे बारीक काजळी त्याच्या हाती लागत नाही. बायपासमध्ये त्यातली एक बारीक धार वळवायची, तिला सावकाश गाळायचं आणि स्वच्छ करून पुन्हा इंजिनाच्या चेंबरमध्ये सोडायचं. अडीचशे तासांचं तेल हजार तास चालायला लागलं. अण्णा म्हणाले, म्हणजे उष्टं ताट पुसून त्यातच पुन्हा वाढायचं. मी त्यांना तेल मोजायची पट्टी काढून दाखवली, तर त्यांनी ती पुसून पुन्हा बुडवली आणि पुन्हा पाहिली. अण्णांनी दुसऱ्यांदा पाहिलं म्हणजे शाबासकीच समजायची.

पण तेल इतकं लांबवायचं तर ते डोळे मिटून लांबवता येत नाही, हेही मीच तुम्हाला बजावलं होतं. दर अडीचशे तासांनी बाटलीभर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. तेलात लोखंड किती, तांबं किती, शिसं किती, त्यावरून इंजिनाच्या आत काय झिजतंय ते कळतं. तू एकदाही चुकला नाहीस. तुझे अहवाल इतके छान यायचे की मी ते वर्कशॉपच्या भिंतीवर लावले. मालक आल्या-गेल्याला ते दाखवायला लागले. आमच्याकडे येणाऱ्या चाळीस इंजिनांना असेच फिल्टर बसवायचे ठरले, आणि बावीस वर्षं पाने फिरवल्यावर मला मुख्य मिस्त्री करायचंही ठरलं. सगळे त्याला ताईची पद्धत म्हणायला लागले होते. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या.

तू फिल्टरचा वापरलेला गाभा बदलून इकडे पाठवलास ना, तो मी कापला. एरवी आम्ही तो फेकून देतो, पण नव्या मिस्त्रींना काजळी कशी साचते ते दाखवायचं होतं. घड्या उलगडल्या तर आत डांबरासारखं काळं, ते तर असणारच. पण त्या काळ्यात काहीतरी चमकत होतं. बोटावर घेतलं, चोळलं, उजेडात धरलं, तर तांबूस भुकटी. लोहचुंबक लावला तर चिकटेना. बेअरिंगच्या आतला थर आहे तो, धाकट्या. क्रँकच्या दांड्याखालची बेअरिंगं झिजताहेत, आणि थोडीथोडकी नाही. बेअरिंग झिजलं की तेलाचा दाब उतरतो, म्हणून वर काट्याचं विचारलं. मी भिंतीवरचे सगळे अहवाल काढून पुन्हा वाचले. एकातही तांबं वाढलेलं नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझी नमुना काढायची तोटी आली. ती बायपास फिल्टरच्या पलीकडे, परतीच्या नळीवर आहे. फिल्टरने भुकटी पकडून ठेवायची आणि आपण गाळलेलं तेल बाटलीत भरून पाठवायचं. पोराला आंघोळ घालून, पावडर लावून डॉक्टरकडे न्यायचं आणि अंगावर मळ नाही म्हणून खूश व्हायचं, तसं केलं आपण. बेअरिंग गेलं की क्रँक जाम होणार. मधल्या धारेत इंजिन बंद पडलं की लाँच जुन्या पुलाच्या खांबांकडे कशी ओढली जाते, ते तुला मी सांगायला नको.

आपण केलं असं लिहिलं, तेही खोटंच. तोटी मी बसवली. त्या दिवशी तू विचारलं होतंस, ताई, नमुना फिल्टरच्या अलीकडून घ्यायला नको का? तिथे हात पोचत नव्हता, कंबर मोडली होती, आणि परतीच्या नळीवर पाना आधीच लावून झाला होता. मी चार लोकांसमोर तुला म्हटलं, मिस्त्री तू की मी? पुन्हा तू कधी विचारलं नाहीस. आणि तो गाभा मी काल कापलेला नाही, अकरा दिवस झाले. तीनदा फोन केला, अण्णांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि ठेवून दिला. मुख्य मिस्त्रीचा कागद यायचा होता. अकरा दिवसांत तू बाजाराच्या दोन फेऱ्या केल्यास, माणसं भरून, आणि मला ते माहीत होतं. दोन्ही दिवशी तू परत पोचलास हे कळेपर्यंत माझ्या हातून काम झालं नाही, तरी मी बोलले नाही. आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं, ते काय करतील ते करोत. आता फोनवर सांगायला गेले तर पुन्हा हवापाण्यावर येईन, म्हणून हे लिहून पाठवतेय. रविवारी नवी बेअरिंगं घेऊन मी येते, तोवर लाँच बांधून ठेव. ट्रकवाल्याला बजावलंय, की हे तुझ्याच हातात द्यायचं आणि तुझं वाचून होईपर्यंत धक्क्यावरून हलायचं नाही. वाचलंस की तिथूनच मला फोन कर आणि इंजिन बंद ठेवतोय, एवढं म्हण. पुढे काही न बोलता ठेवून दिलास तरी चालेल.

तुझीच,
ताई