कमरेपर्यंतचे फोटो

प्रिय विनीता,

मी इथे खुशाल आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आबांचा खोकला कमी झाला का?

सोळा सामन्यांत कॉलेजवर एकही गोल झाला नाही आणि सोळाही वेळा आपली लेक उत्कर्षा डिफेन्सला होती, हे इथे सिंगापुरात जुरोंग आयलंडला कामावर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगून झालंय. असा विक्रम कॉलेजात आधी झाला नव्हता म्हणे.

पण पहिल्या सामन्यांचे फोटो बुटांपर्यंत होते, शेवटच्या चारांचे सगळे कमरेपर्यंतच का? करंडकाच्या फोटोत बाकीच्या मुली उभ्या आणि ही एकटी खुर्चीवर. ती काही कॅप्टन नाही. फोनवर विचारलं की तुझं दूध उतू जातं. दोनदा गेलं, म्हणून हे पत्र.

शनिवारी विद्यापीठाच्या निवडीला पाठवण्याआधी तिचा गुडघा डॉक्टरांना दाखव. रागावू नकोस तिला.

ही युक्ती मला नवी नाही. गेल्या महिन्यात मी पाठवलेले तिन्ही फोटो काढून बघ. तिन्हींत माझा डावा हात खिशात आहे. आता टाके निघालेत.

तुझाच,
रविंद्र