बिया गोडच आहेत

दादा,

तू लावलेलं जर्दाळूचं गोड कलम तू परदेशी गेलास त्याच उन्हाळ्यात जळालं. पाणी घालायला मीच विसरले. मग कलमाखालचा रानटी, कडू बियांचा फुटवा वाढला आणि मी तुला दरवर्षी कळवत राहिले, "झाड मजेत आहे."

आज सुट्टीला माझ्याकडे आलेली तुझी लेक म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात आपल्या जर्दाळूच्या बिया बदामासारख्या लागतात." माझं पितळ उघडं पडू नये म्हणून मी मूठभर कडू बिया वाटून, दुधात भरपूर साखर घालून दिल्या. त्या विषारी असतात हे मला ठाऊक नव्हतं रे!

ती ग्लानीत आहे, मी दवाखान्यात बाहेर बसून लिहितेय. आत नेताना डॉक्टरांनी विचारलं, "बिया कडू होत्या?"

"नाही हो, गोडच," मी म्हटलं. सवयीने.

अरे देवा! पत्र राहू दे, मी आत पळते.

तुझी धाकटी